लेहची उबदार खोली आणि आपली पत्र्याची घरे

लडाखला जायचे म्हटले की लोक मे-जून महिना धरतात. आम्ही सहा जण, म्हणजे तीन कर्मचारी आणि तिघांच्या पत्नी, गेलो ते फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. कारण साधे होते. रजा प्रवास सवलतीची मुदत संपत आली होती, आणि मार्चअखेर जवळ आली की कचेरीत रजेचे नावही काढता येत नाही. नागपुरात ज्याने त्याने आम्हांला वेड्यात काढले. तिथे पाणी गोठते, तुम्ही झोपाल कुठे, असे विचारले.

गोम्पा पाहावेत, जुनी भित्तिचित्रे पाहावीत, हा आमचा हेतू होता. ते सर्व पाहिले आणि त्याविषयी पुढे केव्हातरी लिहूच. आज मात्र वाचकांना सांगायचे आहे ते एका झोपायच्या खोलीविषयी. ज्या गावात रात्री अंगणातल्या बादलीचा दगड होतो, त्या गावात एका साध्या मातीच्या घरात आम्ही आठ रात्री झोपलो. खोलीत विजेचा हीटर नव्हता, शेगडी नव्हती. तरीही तांब्यातले पाणी सकाळी पाणीच असायचे. हे कसे होते, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण थंडीने आखडून रात्र काढणारी माणसे आपल्या वस्त्यांतही आहेत.

पाणी गोठते ते गाव

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. आपले नागपूर सुमारे ३१० मीटरवर. एवढी उंची विमानाने तासा-सव्वा तासात गाठली की माणसाला धाप लागते, डोके दुखते. म्हणून पहिले दोन दिवस नुसते पडून राहावे असा तिथला नियम आहे, आणि तो आम्ही पाळला.

हिवाळ्यात लेहमधली बरीच हॉटेले बंद असतात. नळात पाणी राहिले तर ते गोठून फुगते आणि नळ फुटतात, म्हणून नळ रिकामे करून ठेवतात. आमची सोय सिंधू नदीच्या काठच्या एका खेड्यात, एका कुटुंबात झाली. घरधनी शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना आम्ही आबा-ले आणि त्यांच्या पत्नीला अमा-ले म्हणू लागलो. आबा म्हणजे वडील, अमा म्हणजे आई, आणि ‘ले’ हा आदराचा शब्द, आपल्या ‘जी’सारखा. भेटताना, निरोप घेताना आणि आभार मानताना तिकडे एकच शब्द पुरतो, तो म्हणजे ‘जुले’.

लडाखची थंडी कोरडी आहे. लेहला वर्षाकाठी पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर पडते. त्यामुळे हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली १० ते १५ अंश उतरला तरी दिवसा आकाश निळे आणि ऊन कडक असते. नदीच्या कडेला बर्फाचे पापुद्रे, निष्पर्ण पॉपलरची झाडे, आणि त्यावर लख्ख ऊन, असे ते दृश्य. लाकूड तिथे दुर्मीळ. गाई आणि झो (याक आणि गाय यांच्या संकराचे जनावर) यांच्या शेणाच्या गोवऱ्या हेच मुख्य जळण, आणि तेही स्वयंपाकाला पुरवून वापरायचे. ज्याच्याकडे जळण थोडे आणि ऊन पुष्कळ, त्याने उन्हाचाच संसार मांडला. सारी लडाखी घरे या एका हिशेबावर उभी आहेत.

घराची रचना

आबा-ले यांचे घर दुमजली. खाली गोठा आणि चाऱ्याची खोली, वर माणसे. जनावरांच्या अंगाची ऊब वरच्या जमिनीला मिळते. भिंती उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या, हातभर जाड. छपराला आधी पॉपलरच्या तुळया, त्यावर विलोच्या काठ्या दाट लावलेल्या, त्यावर गवत आणि वर मातीचा जाड थर. गच्चीच्या कडेने चारा आणि सरपण रचून ठेवलेले.

उत्तरेकडे खिडकी जवळजवळ नाहीच. मोठ्या खिडक्या सगळ्या दक्षिणेला. याचे कारण आबा-ले यांनी शिक्षकाच्या पद्धतीने जमिनीवर खडूने आकृती काढून समजावले. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. २२ डिसेंबरच्या दुपारी तो लेहच्या क्षितिजापासून फक्त ३२ अंश वर असतो, म्हणून त्याचे ऊन खिडकीतून आडवे आत, पार मागच्या भिंतीपर्यंत जाते. उन्हाळ्यात तोच सूर्य ७९ अंशांवर, जवळजवळ डोक्यावर चढतो, आणि छपराच्या पुढे आलेल्या सज्जामुळे ऊन बाहेरच राहते. खिडकी तीच, पण थंडीत ती ऊन आत घेते आणि उन्हाळ्यात घेत नाही.

हिवाळा लागला की सगळे कुटुंब दोन खोल्यांत गोळा होते. एक चानसा, म्हणजे स्वयंपाकघर, आणि दुसरी दक्षिणेची काचेची खोली, तिला शेलखांग म्हणतात. बाकीच्या खोल्या बंद. आमच्या मंडळींना हे पहिल्या दिवशी अवघड वाटले, पाहुण्यांना वेगळी खोली नाही म्हणजे काय! पण यातही हिशेब आहे. झोपलेल्या मोठ्या माणसाच्या शरीरातून सुमारे ७० ते ८० वॅट उष्णता बाहेर पडत असते. सहा माणसे एका लहान, बुटक्या खोलीत झोपली तर ४२० ते ४८० वॅटचा एक फुकटचा हीटर रात्रभर चालू राहतो. तीच माणसे सहा खोल्यांत झोपली तर सहाही खोल्या गार.

काळी भिंत

आमची खोली शेलखांगला लागून होती आणि तिच्या दक्षिणेच्या भिंतीचा एक भाग बाहेरून काळा रंगवलेला होता. काळ्या भिंतीपुढे वीतभराहून कमी पोकळी सोडून काच बसवलेली. भिंतीला वर दोन आणि खाली दोन झडपा. दिवसभर काचेतून ऊन आत येते, काळी भिंत तापते. पोकळीतली हवा तापून वरच्या झडपेतून खोलीत शिरते, खालच्या झडपेतून खोलीतली गार हवा पोकळीत जाते. संध्याकाळी अमा-ले चारही झडपा बंद करीत. जाड भिंतीतून उष्णता सावकाश आत सरकते, त्यामुळे दुपारचे ऊन आपल्याला रात्री मिळते. रात्री नऊ वाजता त्या भिंतीला हात लावला की ती नुकत्याच उतरवलेल्या भाकरीच्या तव्यासारखी नव्हे, पण माणसाच्या तळहातासारखी कोमट लागायची.

ही कल्पना बाहेरून आली. १८८१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड मोर्स यांनी तिचे पेटंट घेतले होते. पुढे १९६७ मध्ये फ्रान्समधील ओदेयो या गावी फेलिक्स त्रोंब यांनी अशा भिंतीचे घर बांधले, म्हणून तिला त्रोंब भिंत म्हणतात. लडाखमध्ये ती रुजली याचे कारण तिथे ऊनही होते आणि मातीच्या जाड भिंतीही होत्या. फक्त काळा रंग आणि काच यांची भर घालायची होती.

लेहपासून १८ किलोमीटरवर फे गावी सेकमॉल या संस्थेचा परिसर आहे, तोही आम्ही पाहिला. १९८८ मध्ये काही लडाखी तरुणांनी ही संस्था सुरू केली. अभियंते सोनम वांगचुक त्यांच्यातले एक. दहावीत नापास झालेल्या मुलांना पुन्हा उभे करण्याचे काम तिने केले. त्या मुलांनी कुदळ-फावडे घेऊन माती ठोकून भिंती उभ्या केल्या. हिवाळ्यात इमारतीच्या दक्षिण अंगाला प्लॅस्टिकचा पडदा लावून आतल्या जागेत भाजी पिकवतात आणि तिथली ऊब खोल्यांत घेतात. उन्हाळ्यात पडदा गुंडाळून ठेवतात. बाहेर शून्याखाली १५ अंश असताना आत शून्यावर १४-१५ अंश राहते, असे तिथले सांगणे. या इमारतींबद्दल संस्थेला २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय टेरा पुरस्कार मिळाला.

रात्रीचे नियम

भिंत ऊन साठवते खरी, पण साठवलेले गळून जाऊ नये यासाठी घरातल्या बाईचाच हात लागतो. अमा-ले यांची संध्याकाळ आम्ही रोज पाहत होतो.

सूर्य डोंगराआड जाण्याआधी खिडक्यांचे जाड पडदे पडलेच पाहिजेत. काच दिवसा ऊन आत घेते, रात्री तीच काच ऊब बाहेर सोडते. काचेच्या बाहेरून हिवाळ्यापुरता प्लॅस्टिकचा कागद चौकटीला पट्ट्या ठोकून बसवलेला. कागद आणि काच यांमध्ये अडकलेली हवा हीच खरी गोधडी. दाराला घोंगडीचा पडदा, उंबऱ्याशी कापडाची लांब वळकटी.

अंथरुणाबाबत त्या फार काटेकोर होत्या. आमच्या मंडळींनी तीन-तीन पांघरुणे अंगावर घेतली आणि खाली एकच सतरंजी टाकली, तेव्हा त्यांनी हसत हसत एक पांघरूण काढून खाली अंथरले. गारठा जमिनीतून येतो, वरून नाही, असे त्यांचे म्हणणे. अंगाखाली दबलेला कापूस चपटा होतो, त्यात हवा राहत नाही, म्हणून खाली जाड आणि टणक थर लागतो. पांघरताना मात्र एका जड रजईपेक्षा दोन हलकी पांघरुणे बरी, कारण दोहोंच्या मधे हवा अडकते. अंथरूण बाहेरच्या भिंतीला चिकटवायचे नाही. सकाळी सर्व कपडे उन्हात, कारण दमट पांघरूण ऊब धरत नाही.

जिथे आग आहे तिथे मोकळी हवा

चानसामध्ये चूल होती आणि तिला पत्र्याचे धुराडे छपराबाहेर काढलेले होते. लेहच्या अनेक घरांत बुखारी असते. बुखारी म्हणजे धुराडे असलेली पत्र्याची शेगडी. पण झोपताना आबा-ले चूल विझली की नाही ते स्वतः पाहून येत. धुराडे नसलेली कोळशाची शेगडी झोपायच्या खोलीत त्यांनी कधी येऊ दिली नाही.

येथे वाचकांनी नीट लक्ष द्यावे. कोळसा धुमसतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून लोकांना शेगडी निर्धोक वाटते. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. झोपलेल्याला तेवढेही कळत नाही. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत अशा बातम्या येतात, आणि त्यांतली घरे बहुधा एका खोलीचीच असतात. सकाळी एखाद्या घरात सगळ्यांनाच डोकेदुखी आणि उलट्या होत असतील तर पित्त म्हणून सोडून देऊ नये. दारे-खिडक्या उघडाव्यात, माणसांना बाहेर मोकळ्या हवेत आणावे आणि ताबडतोब दवाखाना गाठावा.

माती की सिमेंट?

लडाखमध्ये सगळेच आलबेल आहे असे नाही. लेह शहरात सिमेंटच्या ठोकळ्यांची घरे झपाट्याने वाढली आहेत. ती दिसायला नीटनेटकी, पण हिवाळ्यात बर्फाची पेटी. सिमेंटची पातळ भिंत मातीच्या जाड भिंतीइतकी ऊब अडवत नाही. मग बुखारी दिवसरात्र पेटवावी लागते आणि पगार रॉकेलात जातो. तरी लोकांना दोष देता येत नाही. ऑगस्ट २०१० मध्ये लेहला ढगफुटी झाली, चिखलाचे लोंढे आले, शेकडो माणसे दगावली आणि मातीची कितीतरी घरे विरघळून गेली. ज्याने आपले घर वाहून जाताना पाहिले, त्याला मातीवर पुन्हा विश्वास ठेवायला सांगणे सोपे नाही. दगडाचा उंच पाया आणि वर मातीची भिंत, असा मधला मार्ग आबा-ले सुचवत होते.

आपल्याकडे काय लागू पडते?

आमच्या भागातली थंडी दोन महिन्यांची, पण ती हलकी समजू नये. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. लडाखात शून्याखाली १५ अंशांत आम्ही निवांत झोपलो, आणि इथे ८-१० अंशांत वस्तीतली म्हातारी माणसे रात्रभर बसून काढतात. फरक हवेत नाही, घरात आहे.

काळी भिंत मात्र आपल्याकडे बांधू नये. मे महिन्यात घराची भट्टी होईल. लडाखकडून घ्यायचे ते एवढेच, की ऊब विकत घेण्याआधी असलेली ऊब धरून ठेवावी. आमचा पेशा हिशेबाचा, म्हणून आकडे मांडतो. २,००० वॅटचा हीटर रात्री ८ तास चालला तर १६ युनिट जळतात. युनिटला ८ रुपये धरले तर रात्रीचे १२८ रुपये, महिन्याचे ३,८४० रुपये आणि दोन महिन्यांचे ७,६८० रुपये. एवढे करून पत्र्याच्या खोलीत हीटर बंद केला की घटकाभरात खोली पुन्हा गार. गळक्या माठात पाणी भरण्यासारखेच ते.

परत आल्यावर पुढच्या नोव्हेंबरात आम्ही वस्तीतल्या तरुणांना घेऊन चार घरांत काम केले. पहिले घर एका सत्तरी ओलांडलेल्या आजींचे. वर पत्रा, भिंती अर्ध्या विटांच्या. दार लावून त्या शेगडी पेटवत आणि तिच्याशेजारी झोपत. शेगडी बाहेर ठेवा म्हटले तर म्हणाल्या, “बाबू, शेगडी नेता तं मंग मी रातभर करू का?” त्यांचे बरोबर होते. थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाला नुसता धोका सांगून भागत नाही. शेगडी काढायची तर आधी खोली ऊब धरेल अशी करून द्यावी लागते. म्हणून त्या दिवशी शेगडीला हात न लावता दाराची वरची झडप रात्री उघडी ठेवायला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच सामान घेऊन गेलो. छत आणि अंथरूण झाल्यावर तिसऱ्या रात्री आजींनीच शेगडी अंगणात आणून ठेवली. संध्याकाळी हातपाय तिथेच शेकतात आणि विझवून आत जातात.

जे केले ते कोणालाही करता येण्यासारखे आहे, म्हणून क्रमाने देत आहोत.

१. पत्र्याखाली छत. रात्री पत्रा उघड्या आकाशाला आपली उष्णता देऊन हवेपेक्षाही गार होतो. म्हणूनच पहाटे त्याला आतून थेंब सुटतात. पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूचे तट्टे टांगावेत, त्यावर जुनी तरटाची पोती पसरावीत. चुलीच्या वरची जागा मोकळी सोडावी, विजेची वायर तट्ट्याला टेकू देऊ नये. हेच छत मे महिन्यात पत्र्याची धग अडवते, म्हणजे एका खर्चात दोन ऋतू.

२. फटी. पत्र्याच्या पन्हळी आणि भिंत यांमधल्या फटी चिंध्या व शेणामातीने बुजवाव्यात. तुराट्यांचा कुड असेल तर आतून-बाहेरून लिंपावा. माणसांच्या श्वासासाठी उंचावर हातभर लांबीची एक झडप ठेवावीच. ज्या खोलीत चूल आहे तिथे धुराला वाट हवीच.

३. दार आणि खिडकी. दाराला जुन्या गोधडीचा पडदा, उंबऱ्याशी वाळू भरलेली कापडी नळी. खिडकीला जाड पारदर्शक प्लॅस्टिक. दक्षिणेची खिडकी सकाळी दहा ते चार उघडून ऊन आत घ्यावे आणि सूर्य मावळण्याआधी बंद करावी.

४. अंथरूण. जमिनीवर आधी प्लॅस्टिक, त्यावर तणस भरलेले पोते, त्यावर चटई आणि मग गोधडी. सुंभाच्या किंवा पट्ट्यांच्या खाटेवर झोपणाऱ्यांनी खालून वारा लागू नये म्हणून आधी जाड गोधडी टाकावी. कापूस दबला असेल तर पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यावा. नव्या रजईपेक्षा ते स्वस्त पडते.

५. गरम पाण्याची पिशवी. झाकण घट्ट लावून, कापडात गुंडाळून, झोपण्याआधी अर्धा तास अंथरुणात ठेवावी. मधुमेहाच्या रोग्यांच्या पायांना चटका कळत नाही आणि तान्ह्या मुलांना तो सांगता येत नाही, म्हणून ते झोपण्याआधी ती काढून घ्यावी. तान्ह्याला आईच्या अंगाशी ठेवावे, डोक्याला टोपरे घालावे, तोंडावर पांघरूण घालू नये.

६. बाज. म्हाताऱ्या माणसाची बाज बहुतेक घरांत दाराशी किंवा ओसरीत असते, कारण आतली जागा तरुणांना लागते. हिवाळ्याचे दोन महिने तरी ती आत, मधल्या भिंतीशी आणावी. याला एक पैसाही लागत नाही.

चारपैकी तीन घरांचे तट्टे आणि पोती जुन्या सामानातूनच निघाली. विकत आणावे लागले ते प्लॅस्टिक, सुतळी आणि खिळे. एका रविवारी चार तरुणांनी एक घर पुरे केले. बाकीच्या दोन घरांचे छत दुसऱ्या रविवारी झाले, चौथ्या घरातल्या मुलांनी पाहून पाहून स्वतःच केले.

अमा-ले यांना निघताना आम्ही विचारले होते की इतक्या थंडीत म्हाताऱ्यांचे कसे निभते. त्यांनी शेलखांगमधली जागा दाखवली. दुपारचे ऊन जिथे सर्वांत जास्त वेळ टिकते, तिथे सासूबाईंचे अंथरूण होते. घरातली सर्वांत उबदार जागा कोणाची, हे तिथे विचारावे लागत नाही. आपल्या घरांतही ते ठरवून टाकायला हरकत नाही, आणि वस्तीतल्या तरुणांनी एखादा रविवार काढला तर पत्र्याखालचे छत याच हिवाळ्यात होऊ शकते.